पिशवी न्यायला आलेली विहीण

किर्गिझस्तानातल्या आमच्या नारीनमध्ये ऊलकानचं घर शोधायला पत्ता लागत नाही. शाळेमागच्या चार मजली इमारतींपाशी यायचं, मान वर करायची आणि ज्या बाल्कनीत कपड्यांच्या जोडीला पिशव्या वाळत असतील ते घर तिचं. पावाची, साखरेची, कांद्याची, औषधाच्या दुकानातली ती चिमुकली पांढरी, सगळ्या उलट्या करून, धुऊन, चिमटे लावून रांगेने टांगलेल्या. वारा सुटला की त्या फुगतात आणि खालच्या बाकावरच्या बायका म्हणतात, "चला, निघाली ऊलकान विमानात बसून."

त्या बाकावरच्या बायकांच्या स्वयंपाकघरात दारामागे काय लटकतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण असो. चोरी सगळेच करतात, सापडतो तो चोर.

ऊलकानच्या दारामागे एका खिळ्यावर एक पोटुशी पिशवी होती. तिच्या पोटात पिशव्या, त्यांच्या पोटात आणखी पिशव्या. दुकानात पिशवी मागितली की पाच सोम मोजावे लागतात, आणि पाच सोम फेकायला ते रस्त्यावर पडलेले नव्हते. म्हणून एकेक पिशवी तिच्याकडे चार जन्म घ्यायची. पहिल्या जन्मी सामान आणायचं. दुसऱ्या जन्मी पीठ नाहीतर टोमॅटोचं बी साठवायचं. तिसऱ्यात थंडीला खिडकीच्या फटीत जायचं, किंवा फुटक्या बुटात मोज्यावरून चढायचं. आणि अगदी जीर्ण झाली की तिच्या पट्ट्या कापून ऊलकान त्यांचं पायपुसणं विणायची. कचऱ्यात पिशवी जायची ती फक्त कचरा घेऊन.

बासष्ट वर्षांची ही बाई एकतीस वर्षं बालवाडीच्या स्वयंपाकघरात उभी होती. आता पहाटे पाचला उठून तीन इमारतींचे जिने झाडते. उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना तीच त्यांना बोलते. थकवा तिच्या अंगात असा मुरला होता की कुणी "कशी आहेस?" विचारलं तर ती आधी जवळपास बसायला काही आहे का ते बघायची.

नवरा जोल्चू ट्रकवर होता. डोलोनची खिंड त्याने आयुष्यभर वर-खाली केली आणि नऊ वर्षांपूर्वी घरातच, चहा पिताना गेला. त्याची उंच पांढरी लोकरी टोपी, त्याचा काल्पाक, दाराशी खुंटीवर तशीच होती. आमच्यात टोपी जमिनीवर ठेवत नाहीत, विकत नाहीत आणि दुसऱ्याला तर देतच नाहीत. टोपी गेली की घराचं डोकं गेलं. मुलगा एर्किन सहा वर्षांपूर्वी मॉस्कोला कामाला निघाला तेव्हा दारात थांबून त्या टोपीला हात लावून आईला म्हणाला होता, "ही इथंच राहू दे, आपा. आलो की घालीन." तेव्हापासून ऊलकान दर शुक्रवारी तिला ब्रश करायची. पोरगा दोनदा येऊन गेला, पण आठ-आठ दिवसांसाठी, पाहुण्यासारखा. टोपी घातली नाही. टोपी आहे तोवर येईल, असं तिने मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण धरलं होतं.

आणि मार्चमध्ये तिच्या धाकट्या लेकीचं, बेगायिमचं जमलं. मुलगा कोचकोरचा, खिंडीपलीकडचा. एका रविवारी मुलाकडची अकरा माणसं बेगायिमच्या कानात डूल घालायला, म्हणजे साखरपुड्याला, येणार असं ठरलं. एर्किनची बायको चोल्पोन सासूजवळच राहायची. तिने शनिवारी कंबर कसली.

"आपा, या पिशव्या आज तरी हलवा."

"कुठे हलवू? त्यांना काय पाय आहेत?"

"विहीणबाईंचं पडद्यांचं दुकान आहे कोचकोरला. त्या दारामागे बघणार. बायका आधी दारामागेच बघतात."

"मग पडदा लाव," ऊलकान म्हणाली.

पण हलवल्या. पोटुशी पिशवी पलंगाखाली गेली. खुंटी पाहुण्यांच्या कोटांसाठी हवी होती, म्हणून टोपीही काढावी लागली. कोटांच्या ढिगात तिला ठेवायचं म्हणजे पाप. ऊलकानकडे गादीखाली दाबून ठेवलेल्या दोन जाड पिशव्या होत्या, लाल गुलाबाचं चित्र असलेल्या, कडक मुठीच्या. तशा आता बाजारात येत नाहीत. एकीत तिने टोपी चपटी घडी करून, दोन पातळ पिशव्यांत गुंडाळून ठेवली आणि घरातली सर्वांत उंच जागा म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटावर चढवली. दुसरी विहिणीसाठी. पाहुणे उठताना प्रत्येकाला मांस, पिठाचे तळलेले बोरसोक, मिठाई बांधून द्यायची. त्याला आम्ही केशिक म्हणतो. पंक्तीचा प्रसादच तो, घरी गेल्यावर न आलेल्यांना वानवळा म्हणून वाटायचा. चरबी गळू नये म्हणून ऊलकान तळाशी नेहमी दोन-तीन पातळ पिशव्यांची घडी घालते. तशी घातली, आणि त्या टीचभर स्वयंपाकघरात जागा कुठली, ती पिशवीही कपाटावर गेली.

रविवार उजाडला आणि कसा गेला ते तिला कळलंच नाही. पहाटे तीनपासून ती उभी होती. मेंढी कापली, कढई चढली, पीठ मळलं. पाहुणे आले. विहीण सल्तनत जाड फरचा कोट घालून तीन जिने चढली आणि वर येऊन म्हणाली, "जिने किती स्वच्छ हो तुमच्याकडे!" चोल्पोनने खाली बघितलं. ऊलकान म्हणाली, "मीच झाडते." संपलं. शेपटाची चरबी आणि कलेजी एकमेकांना भरवली, म्हणजे नातं पक्कं. बेगायिमच्या कानात डूल चढले. पोरगी रडली, सगळ्या बायका तिच्याहून जास्त रडल्या.

संध्याकाळी पाहुणे बूट शोधायला लागले, तेव्हा ऊलकानचे पाय सुजून घट्ट झाले होते. अकरा पिशव्या भरायच्या होत्या आणि कुणाच्या वाट्याला कुठलं हाड हे चुकलं तर सात पिढ्या नावं ठेवतात. तिने स्टुलावर चढून कपाटावरची गुलाबाची पिशवी ओढली. आत हात घातला. तळाशी मऊ घडी लागली. बरोबर, आपलंच अस्तर. वर बोरसोक ओतले, त्यावर मिठाई, त्यावर मानाचा चरबीदार तुकडा वेगळा बांधून. गाठ मारली आणि दोन्ही हातांनी विहिणीला दिली.

आपली पिशवी आपणच भरली, आपणच दिली. सुनेवर ढकलायलाही जागा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी जिने झाडून आल्यावर ती टोपी खुंटीला लावायला निघाली. कपाटावरची पिशवी काढली. ती इतकी हलकी लागली की ऊलकान स्टुलावरच थबकली. आत तीन पातळ पिशव्यांची नीट घडी होती. बाकी काही नाही.

स्टुलावरून ती उतरली नाही, तिथेच हळूहळू बसली.

फोन करावा? करून काय सांगणार? मुलीकडच्यांनी आपल्या मेलेल्या माणसाची टोपी बोरसोकाखाली घालून मुलाकडे पाठवली! आमचे म्हातारे अशी गोष्ट वर्षभर चघळतात. एकजण म्हणेल अपशकुन, दुसरा म्हणेल अपमान, आणि तिसरा, जो सगळ्यात वाईट, तो म्हणेल, "जाऊ द्या हो, गरीब माणसं." आणि न सांगता टोपी मागायची, तर केशिक कुणी परत मागतं का? दिलेला घास ओढून घेतल्यासारखं ते. आणि काहीच न केलं, तर एर्किन आल्यावर दाराशी हात लावणार कशाला?

 शेवटी ऊलकान उठली, जाड मोजे चढवले, वरून पिशव्या, वरून बूट. चोल्पोनला म्हणाली, "बाजारात जाऊन येते." आणि कोचकोरच्या जीपमध्ये जाऊन बसली.

खिंडीवर बर्फ होतं. गाडीत सहा माणसं, एक कोंबडी आणि ड्रायव्हरची सिगरेट. ऊलकानने वाटभर एकच वाक्य मनात घोळवलं. दोन तास घोळवून ते इतकं गुळगुळीत झालं की सल्तनतने दार उघडताच आपसूक बाहेर पडलं.

"विहीणबाई, मी माझी पिशवी न्यायला आले."

सल्तनतचा हात छातीवर होता. कुणी गेल्याचीच बातमी आली असणार, असं तिला वाटलं होतं. "कसली पिशवी?"

"गुलाबाची. काल दिली ती. जाड आहे हो. तशी आता मिळत नाही."

"रिकामी पिशवी?"

"झाली असेल रिकामी, तर रिकामी."

 सल्तनतला हसू असं फुटलं की तिला दाराची चौकट धरावी लागली. "अहो, तीनशे सोम भाडं भरून पाच सोमची पिशवी! या, या आत. चहा तरी घ्या, का तोही पिशवीत घालून देऊ?"

ऊलकान आत गेली, बसली. विहिणीने तिच्यासमोरच बहिणीला फोन लावला. "अगं, काय सांगू! माझी विहीण आलीय. नाही, खिंड ओलांडून. अगं पिशवीसाठी! हो, प्लास्टिकची! देवाशपथ!" ऊलकानने पावाला लोणी लावलं. फार सावकाश लावलं. मान खाली घालायला एक निमित्त हवं असतं माणसाला, आणि पाव बरा पडतो.

मग सल्तनत औदार्याला पेटली. "पिशव्याच हव्यात ना, तर या बघा," म्हणत तिने ओट्याखालचा खण ओढला. तो अर्ध्यात अडकला. जोर लावला तेव्हा दाबून कोंबलेल्या पिशव्या वाफ आल्यासारख्या भसकन बाहेर आल्या, आणि ऊलकानच्या सरावलेल्या नजरेला दिसलं की त्यातल्या निम्म्या धुतलेल्या आहेत. तिने नजर चहाच्या वाटीत घातली.

"घ्या हव्या तितक्या."

"नको. माझी ती गुलाबाची."

"आता काय म्हणावं तुम्हाला! ती मी कासिमाली आबांकडे पाठवली. ह्यांचे काका. कंबरेतून गेलेत, काल येता आलं नाही ना त्यांना. मांस वरचं काढून घेतलं आणि बाकी पिशवी तशीच दिली."

वाटी ऊलकानच्या हातातून पडली नाही, पण चहा बशीत आला.

"चला, मीच घेऊन जाते तुम्हाला," सल्तनत कोट चढवत म्हणाली. अशी गंमत ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणार नव्हती.

दोन गल्ल्या चालायच्या होत्या, अर्धवट वितळलेल्या बर्फातून. सल्तनत पुढे, ऊलकान मागे, बुटातल्या पिशव्या चुर्रचुर्र करत. आबा खिडकीशी गाद्यांवर टेकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, दाढी विरळ, डोळे मात्र सुईसारखे. डोक्यावर त्यांची स्वतःची, जुनी पिवळट टोपी. गुलाबाची पिशवी चुलीजवळच्या खिळ्यावर होती. चपटी. रिकामी. ऊलकानने ते दारातूनच पाहिलं.

"आबा, ह्या आपल्या विहीणबाई! नारीनहून आल्यात. पिशवी परत न्यायला!"

आबा हसले नाहीत. त्यांनी ऊलकानकडे पाहिलं, तिच्या बुटांकडे पाहिलं. "खिंडीत बर्फ आहे अजून?"

"आहे, आबा."

"हं. सल्तनत, चहा ठेव. परसातल्या चुलीवर ठेव."

"किटली आहे ना विजेची, पाच मिनिटांत..."

"त्या चहाला वायरची चव येते. परसातल्या."

सल्तनत कुरकुरत गेली. दार लागेपर्यंत म्हातारा गप्प होता. मग म्हणाला, "पिशवीच?"

"पिशवीच, आबा."

"काल मी सात बोरसोक खाल्ले. आठव्याला हात घातला, तर लोकर लागली." त्यांनी दाढी कुरवाळली. "मला वाटलं, म्हातारपणी माणसाला भलतंच लागतं."

ऊलकान गादीच्या कडेला टेकली. रडायलाही तिच्याकडे ताकद उरली नव्हती.

"केशिक परत मागत नाहीत. ठाऊक असेल तुला."

"ठाऊक आहे."

"आणि टोपी कुणी कुणाला देत नाही. ते मला ठाऊक आहे. म्हणजे बघ, तुला मागता येत नाही आणि मला ठेवता येत नाही. रात्रभर विचार केला, कुणाला सांगू? सल्तनतला सांगितलं असतं तर आकाशवाणीची गरज नव्हती."

"म्हणून पिशवी मागते, आबा," ऊलकान म्हणाली.

 म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. डोळे पुसत म्हणाला, "घालून बघितली मी. माफ कर. भुवयांवर आली. मोठ्या डोक्याचे होते का?"

"फार. बाजारात त्यांच्या मापाची मिळायची नाही. हीसुद्धा लोकर आणून मी बसवून घेतलेली." आणि मग, सहा वर्षांत कुणाला न सांगितलेलं बोलून गेली, "मुलासाठी ठेवलीय. मॉस्कोला आहे."

"त्याचं डोकं केवढं?"

"बापाएवढंच. पण आत काही शिरत नाही."

आबांनी काठीने कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या उंच रचलेल्या थराकडे दाखवलं. "तिथे. अगदी वर. मी चढवू शकलो नाही, शेजारणीकडून ठेवून घेतली. तिला म्हटलं, माझीच आहे." ऊलकानने चवड्यांवर उभं राहून काढली. पातळ पिशव्यांतच होती. एका कडेला बोटभर चरबीचा डाग. म्हाताऱ्याने तिच्याकडून खिळ्यावरची गुलाबाची पिशवी मांडीवर घेतली, टोपी तळाशी नीट बसवली, आणि शेजारच्या डब्यातून कुरुताच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांच्या, मुठीमागून मुठी वर टाकायला सुरुवात केली.

सल्तनत चहा घेऊन आली तेव्हा पिशवी काठोकाठ भरली होती. "अगंबाई! आबा, सगळं कुरुत दिलंत?"

"रिकामं भांडं परत देतात का कुणी? आईने हेच शिकवलं का तुला?"

"भांडं! प्लास्टिकची पिशवी आहे ती!"

"जाड आहे," आबा म्हणाले. "आणि पुढच्या वेळी, विहीणबाई, पातळ पिशवीत देत जा. म्हणजे एवढी पायपीट नको."

सल्तनत पुन्हा हसली. ऊलकानही हसली. तिने चहा घेतला, तीन वाट्या. चौथीला उठली.

परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "आजी, पिशवी मागे टाका. पाय मोकळे होतील."

"मांडीवरच बरी आहे."

"काय सोनं आहे काय?"

"कुरुत आहे. खातोस?" तिने वरवरचं मूठभर त्याला दिलं. सबंध गाडी खिंड उतरेपर्यंत कुरुत चोखत होती. ऊलकान खिडकीला डोकं टेकून बसली आणि प्रत्येक वळणाला तिचा हात पिशवीच्या मुठीवर घट्ट होत होता.

गप्पा जीपहून वेगाने जातात. ती तीन जिने चढून, प्रत्येक मजल्याला थांबून वर पोचली, तर दारातच चोल्पोन, लाल झालेली. "आपा, तुम्ही पिशवीसाठी कोचकोरला गेलात? बेगायिम फोनवर रडतेय! तिची होणारी सासू सगळ्या गावाला सांगतेय की माझी विहीण... आम्हाला तोंड दाखवायला जागा..."

ऊलकानने कुरुत ताटात ओतलं. तळातली घडी काढली. पातळ पिशव्या सोडवल्या, टोपी झटकली आणि खुंटीवर चढवली.

चोल्पोनचं वाक्य तिथेच राहिलं. ती खुंटीकडे बघत उभी राहिली. मग आत गेली आणि बऱ्याच वेळाने कोमट पाण्याची बादली घेऊन आली. "पाय घाला, आपा." एवढंच.

पाय पाण्यात असतानाच फोन वाजला. एर्किन होता.

"आपा, खरं का गं? पिशवीसाठी खिंड ओलांडलीस? इथे खोलीत आपल्याकडचे चौघं आहेत, चौघांनाही कळलंय!"

"हो," ती म्हणाली.

तो हसायला लागला. मागे त्याचे सोबतीही हसत होते. असा तो कधी हसला होता, ते तिला आठवेना. गेल्या हिवाळ्यात तर फोनवर नुसता खोकत होता. तिने मध्ये काही बोलून त्याला थांबवलं नाही.

"मी आलो ना आपा, की तुला ट्रंकभर पिशव्या आणतो."

"कधी?"

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "बघू. उन्हाळ्यात."

मागच्या वर्षीही उन्हाळ्यातच होतं. ऊलकान म्हणाली, "ये. पिशव्या नको आणूस. इथे आहेत."

फोन ठेवून तिने पाय पुसले, त्याच बादलीच्या पाण्यात गुलाबाची पिशवी उलटी करून बुडवली आणि चोळायला बसली. चरबी एका पाण्यात निघेना. चोल्पोनने न सांगता दुसरं पाणी तापत ठेवलं. ते तापेपर्यंत टेकावं म्हणून ऊलकान भिंतीला लागून स्टुलावर बसली, हातात ती ओली पिशवी तशीच.